ऑटिझम: ‘बोलेल हळूहळू’ म्हणत वाट पाहण्याआधी हे वाचा

मूल दोन वर्षांचं होऊन गेलं तरी बोलत नाही. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, पण पलीकडच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येतं. खेळण्यातली गाडी दिली तर ती पळवत नाही, उलटी करून चाकं फिरवत बसतं. आईला काहीतरी खटकतं. ती बोलून दाखवते, तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतं, "मुलगे उशिराच बोलतात. याचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." कधी कधी डॉक्टरही "अजून सहा महिने बघू" असं सांगतात.

अशी काही मुलं पुढे खरोखरच व्यवस्थित बोलू लागतात. काहींना कमी ऐकू येत असतं. आणि काहींना ऑटिझम असतो. आपलं मूल यातलं कोणतं, हे नुसती वाट पाहून कळत नाही. आणि वाट पाहण्यात जातात ती वर्षं मुलाच्या शिकण्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची असतात.

म्हणूनच ऑटिझमच्या बाबतीत ‘लवकर मदत’ या गोष्टीवर इतका भर दिला जातो. सरकारी भाषेत तिला ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात. ही मदत म्हणजे नेमकं काय, तिने काय बदलतं, काय बदलत नाही आणि ती कुठे मिळते, हे समजून घेऊ.

ऑटिझम म्हणजे काय?

ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ असा शब्द आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात या अवस्थेचा स्वतंत्रपणे अभ्यास सुरू झाला.

ऑटिझम हा आजार नाही. मेंदूची जडणघडणच वेगळ्या पद्धतीने होते. तो प्रामुख्याने दोन बाबतींत दिसतो. पहिली बाब म्हणजे इतरांशी संवाद साधणं, त्यांच्या हावभावांचा अर्थ लावणं, मिळून खेळणं. दुसरी म्हणजे एकच कृती पुन्हा पुन्हा करणं, ठरलेला क्रम बदलला की अस्वस्थ होणं, आणि आवाज, उजेड, स्पर्श किंवा चव यांचा फार जास्त किंवा फार कमी त्रास होणं.

कुणी अजिबात बोलत नाही, तर कुणी भरपूर बोलतं पण गप्पा मारता येत नाहीत. कुणाला आयुष्यभर आधार लागतो, तर कुणी शिकून नोकरी करतं. म्हणूनच त्याला ‘स्पेक्ट्रम’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ व्यक्तींमागे एकीला ऑटिझम होता. मुलग्यांमध्ये त्याचं निदान जास्त होतं. मुलींची लक्षणं अनेकदा ‘लाजाळू आहे’ म्हणून नजरेतून सुटतात.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ज्या घरात एका मुलाला ऑटिझम आहे, तिथे पुढच्या भावंडाला तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक इतकी असते. आईने जीव लावला नाही म्हणून ऑटिझम होतो, ही एकेकाळी डॉक्टरांमध्येही पसरलेली समजूत विज्ञानाने केव्हाच मोडीत काढली आहे. तरीही आपल्याकडे पहिलं बोट आईकडेच दाखवलं जातं. ते चूक आहे.

कोणत्या वयात कशाकडे लक्ष द्यायचं?

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो हे खरं, पण काही टप्पे चुकले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं:

• सहा महिन्यांपर्यंत: समोरच्याकडे पाहून मनमोकळं हसत नाही.
• नऊ ते बारा महिने: नावाने हाक मारल्यावर बहुतेक वेळा प्रतिसाद देत नाही.
• एक वर्ष: टाटा करणं, हात पुढे करून ‘घे’ म्हणणं, बोट दाखवणं अशा खुणा नाहीत.
• सोळा महिने: एकही अर्थपूर्ण शब्द नाही.
• दोन वर्षं: ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. केवळ ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणतं.
• कोणत्याही वयात: आधी येत असलेले शब्द किंवा खुणा बंद झाल्या.

यात बोट दाखवण्याकडे खास लक्ष द्या. मूल साधारण सव्वा-दीड वर्षाचं झालं की आकाशातलं विमान पाहून बोट वर करतं आणि लगेच आईच्या तोंडाकडे बघतं. त्याला विमान नको असतं. ‘तूही बघ’ एवढंच सांगायचं असतं. ऑटिझम असलेली बरीच मुलं हवी ती वस्तू मिळवण्यासाठी मोठ्यांचा हात धरून ओढत नेतात, पण असं ‘तूही बघ’ म्हणणारं बोट दाखवत नाहीत.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे ऑटिझम आहेच, असं नाही. ते तपासणीचं कारण आहे, निदान नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस तर अशी आहे की १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी प्राथमिक चाचणी व्हावी, पालकांची तक्रार असो वा नसो.

लवकर म्हणजे का?

मूल भाषा शिकतं ते कुणी धडे देतं म्हणून नाही. आई भाजी निवडताना ‘ही बघ भेंडी’ म्हणते, मूल भेंडीकडे पाहतं, मग आईकडे पाहतं, आणि शब्द व वस्तूची जोडी जमते. दिवसभरात असे शेकडो छोटे प्रसंग घडतात. माणसांकडे पाहणं, त्यांची नक्कल करणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे सगळं त्यातूनच येतं.

ऑटिझम असलेल्या मुलाचं लक्ष माणसांपेक्षा फिरणाऱ्या पंख्याकडे किंवा दाराच्या कडीकडे जास्त जात असेल, तर हे प्रसंग निसटतात. एक निसटला तर काही बिघडत नाही. पण दिवसामागून दिवस निसटत गेले की अंतर वाढत जातं. मागता येत नाही म्हणून मूल किंचाळतं, डोकं आपटतं. मग घरातले त्याला बाहेर नेणं टाळतात आणि माणसांत मिसळण्याची उरलीसुरली संधीही जाते.

दुसरं कारण मेंदूचं. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या साधारण ८० टक्के झालेलं असतं. मेंदूपेशींमधल्या जोडण्या या काळात झपाट्याने तयार होतात. ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. पुढेही मेंदू शिकत राहतोच, पण या वयात तो जास्त लवचीक असतो.

लवकर मदत म्हणजे निसटणारे हे छोटे प्रसंग जाणीवपूर्वक परत आणणं.

गोव्यात काय करून पाहिलं?

हे काम तज्ज्ञांनीच करायचं म्हटलं, तर आपल्याकडे ते फार थोड्या मुलांपर्यंत पोहोचेल. वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बालविकासतज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. आठवड्यातून तीन वेळा तालुक्याहून शहरात ये-जा करणं आणि प्रत्येक वेळची फी भरणं सगळ्यांना जमत नाही.

ब्रिटनमध्ये एक वेगळी पद्धत तयार झाली होती. तिचं इंग्रजी लघुनाव ‘पॅक्ट’. यात थेरपिस्ट मुलाला शिकवत नाही. पालक मुलासोबत खेळत असताना थोडा वेळ व्हिडिओ काढला जातो आणि मग थेरपिस्ट व पालक तो एकत्र बसून पाहतात. "इथे बघा, त्याने चेंडू तुमच्याकडे ढकलला आणि क्षणभर थांबला. तो तुमची वाट बघत होता," असे बारीक क्षण त्यात सापडतात. खेळाच्या धामधुमीत पालकांच्या ते लक्षातच आलेले नसतात. ते ओळखायचे, त्यांना प्रतिसाद द्यायचा आणि रोज साधारण अर्धा तास घरी तोच सराव करायचा.

हीच पद्धत दक्षिण आशियातल्या घरांना साजेल अशी बदलून २०१३ मध्ये दोन ठिकाणी करून पाहण्यात आली: गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेमार्फत आणि पाकिस्तानात रावळपिंडीला. दोन्हीकडची मिळून ६५ मुलं होती, वय २ ते ९ वर्षं. महत्त्वाचा बदल असा की पालकांना मार्गदर्शन करणारे तज्ज्ञ नव्हते. ते खास प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. अर्ध्या मुलांना नेहमीच्या उपचारांसोबत ही मदत मिळाली, उरलेल्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले.

२०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. मदत मिळालेल्या गटातले पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले होते आणि मुलं स्वतःहून पालकांशी संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं. सगळंच मनासारखं झालं असं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ या गटात कमी भरला. पण तज्ज्ञ नसलेल्या माणसांकडूनही ही मदत नीट देता येते, हे गोव्याच्या या प्रयोगाने दाखवलं. जिथे तज्ज्ञ नाहीत तिथल्या घरांसाठी हीच मोठी बातमी आहे.

फायदा किती, आणि टिकतो का?

‘पॅक्ट’चा मूळ प्रयोग ब्रिटनमध्ये दोन ते पाच वर्षांच्या १५२ मुलांवर झाला होता. २०१० मध्ये त्याचे निकाल आले, तेव्हा पालक-मुलाच्या संवादात सुधारणा होती, पण ऑटिझमच्या लक्षणांत ठळक फरक नव्हता. त्यानंतर उपचार संपल्यावर साधारण सहा वर्षांनी यातली १२१ मुलं पुन्हा तपासली गेली. मदत मिळालेल्या गटात ४६ टक्के मुलांची लक्षणं तीव्र होती. ज्यांना ती मिळाली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ६३ टक्के होतं. म्हणजे फायदा हळूहळू दिसला आणि टिकला.

अमेरिकेत दीड ते अडीच वर्षांच्या ४८ मुलांपैकी अर्ध्यांना दोन वर्षं खेळातून शिकवण्याच्या ‘डेन्व्हर’ पद्धतीने मदत देऊन पाहिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी १८ गुणांच्या आसपास वाढला, दुसऱ्या गटाचा ७. पण २०१९ मध्ये तीन ठिकाणी हाच प्रयोग जास्त मुलांवर केला, तेव्हा तेवढा फरक दिसला नाही. भाषेतला फायदा मात्र तीनपैकी दोन ठिकाणी दिसला.

ऑस्ट्रेलियात तर निदानाचीही वाट पाहिली नाही. नऊ ते चौदा महिन्यांची, सुरुवातीची लक्षणं दिसणारी १०३ बाळं निवडली आणि त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या पालकांना व्हिडिओच्या मदतीने मार्गदर्शन केलं. तीन वर्षांच्या वयात या गटातल्या ६.७ टक्के मुलांमध्ये ऑटिझमचे निकष पूर्ण झाले, दुसऱ्या गटात २०.५ टक्के. अभ्यास लहान आहे, त्यामुळे एवढ्यावरून ‘ऑटिझम टाळता येतो’ असं म्हणता येणार नाही.

या सगळ्याचा अर्थ काय? लवकर मदतीने ऑटिझम ‘बरा’ होत नाही. बोलणं, खुणांनी मागणं, स्वतःच्या हाताने जेवणं, शू-शी सांगणं, इतर मुलांत बसणं या गोष्टी सोप्या होतात. मुलाचा त्रागा कमी होतो आणि घरावरचा ताणही. प्रत्येक मुलाला सारखाच फायदा होतो असं नाही. ‘सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

‘आठवड्याला ४० तास थेरपी नसेल तर उपयोग नाही’ असंही अनेक पालकांना सांगितलं जातं. २०२४ मध्ये १४४ अभ्यासांचा, म्हणजे ९,०३८ मुलांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेतला गेला. तास वाढवले की फायदा वाढतोच, असं त्यात दिसलं नाही. त्यामुळे परवडत नसताना कर्ज काढून तास वाढवण्याआधी, आहे त्या वेळेत काय चाललंय आणि घरी काय करता येईल, हे थेरपिस्टला विचारा.

घरी काय करता येईल?

• मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या पातळीवर जमिनीवर बसा. ते काय करतंय ते आधी पाहा.
• ते चाकं फिरवत असेल तर गाडी काढून घेऊ नका. दुसरी गाडी घेऊन तुम्हीही चाकं फिरवा. बरीच मुलं अशा वेळी वर बघतात. संवाद तिथून सुरू होतो.
• प्रश्नांचा भडिमार नको. ‘हे काय? हा रंग कोणता?’ याऐवजी ते पाहतंय त्या वस्तूचं नाव सांगा: ‘चाक. गोल गोल चाक.’
• मध्येच थांबा. झोका देताना थांबवा, नेहमीचं बडबडगीत शेवटच्या शब्दाआधी तोडा आणि दहापर्यंत मनात मोजा. नजर, हात, आवाज, जे येईल त्याला लगेच दाद द्या.
• हातात सगळं आयतं देऊ नका. दोन वस्तू पुढे धरून निवडू द्या.
• दिवसाचा क्रम चित्रांतून किंवा फोटोंतून भिंतीवर लावा: आंघोळ, जेवण, बाग, झोप. पुढे काय होणार हे कळलं की अस्वस्थता कमी होते.
• बोलता येत नसेल तर चित्रं किंवा खुणा वापरू द्या. त्यामुळे मूल बोलायचं टाळेल ही भीती चुकीची आहे.
• ‘माझ्या डोळ्यांत बघ’ म्हणून हनुवटी धरून चेहरा वळवू नका. अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना नजर भिडवण्याचा खरोखर त्रास होतो.

ही मदत आजी-आजोबांनाही करता येते. रोजची वीस मिनिटं ठरवून घेतली तरी चालेल.

महाराष्ट्रात मदत कुठे मिळते?

पहिली पायरी म्हणजे बालरोगतज्ज्ञ आणि श्रवणचाचणी. ‘दार वाजलं की वळतो ना’ एवढ्यावर थांबू नका, चाचणी करूनच घ्या. डॉक्टर पालकांना काही प्रश्न विचारून प्राथमिक चाचणी करतात आणि गरज असेल तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात. रक्त तपासून किंवा मेंदूचा स्कॅन काढून ऑटिझमचं निदान होत नाही. ते निरीक्षणातून आणि पालकांशी बोलून होतं.

सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची देशातली सुरुवात पालघरमधून झाली. या कार्यक्रमाची फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलं तपासतात. शंका असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. पथक येण्याची वाट न पाहता तुम्ही स्वतः जिल्हा रुग्णालयात या केंद्राची चौकशी करू शकता. तुमच्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डावरही वयानुसार विकासाचे टप्पे दिलेले असतात.

मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशभरात सुरू केलेल्या अशा १४ केंद्रांपैकी ते एक. मुंबईतलं ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र २००१ पासून या क्षेत्रात काम करतंय.

कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मात्र एक लक्षात ठेवा, मदत सुरू करायला प्रमाणपत्र किंवा पक्कं निदान हाती असण्याची गरज नाही. संवादाचा सराव कोणत्याही मुलाला अपाय करत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे चार समज

लसीमुळे ऑटिझम होतो. हा दावा ज्या निबंधावरून पसरला, तो १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला होता आणि २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध त्यात आढळला नाही.

मोबाइल बंद केला की ऑटिझम जातो. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असं मान्यताप्राप्त निदान नाही. मात्र स्क्रीनसमोर गेलेला वेळ माणसांसोबतच्या वेळातून वजा होतो, हे खरं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडता स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. स्क्रीन कमी जरूर करा, पण तेवढं करून तपासणी पुढे ढकलू नका.

घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलांचं नुकसान होतं असं संशोधनात दिसलेलं नाही. पुण्यात असा की परदेशात, तुम्हाला जी भाषा सहज येते, तिच्यातच मुलाशी बोला. आजीशी असलेलं मुलाचं नातं तोडून भाषा येत नाही.

स्टेम सेलने ऑटिझम बरा होतो. या उपचारासाठी लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर कोणतंही औषध नाही. झोप न लागणं, फिट येणं, टोकाची चिडचिड यांवर मात्र डॉक्टर गरजेनुसार औषध देतात.

आणि उशीर झाला असेल तर?

हे वाचणाऱ्यांपैकी काहींची मुलं सहा, आठ, दहा वर्षांची असतील. ‘आमची वेळ गेली का?’ हा प्रश्न त्यांच्या मनात येईल. वेळ गेलेली नाही. गोव्याच्या प्रयोगातच नऊ वर्षांपर्यंतची मुलं होती. ‘लवकर’ याचा अर्थ ‘दोन वर्षांच्या आत, नाहीतर कधीच नाही’ असा नाही. लक्षात आल्याच्या दिवसापासून पुढे आणखी उशीर करायचा नाही, एवढाच आहे.

तुमच्या कुटुंबात, शेजारी एखादी आई ‘याचं काहीतरी वेगळं वाटतंय’ म्हणत असेल, तर तिला ‘तू उगाच काळजी करतेस’ असं म्हणू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा. काही निघालं नाही, तर एक सकाळ वाया गेली असं समजा. काही निघालंच, तर त्या मुलाची वाया जाणारी वर्षं तुम्ही वाचवलेली असतील.